सांध्याशेजारची जागा

ये डायलिन, बैस. टोपीखाली केस नीट घे.
श्वास मात्र तिकडे सोड, तारेवर नाही.
ही तार पापणीच्या केसाहून थोडी जाड,
निकेल, टायटॅनियम, जवळपास निम्मंनिम्म,
आणि अंगात एक खोड:
भट्टीत एकदा जो आकार शिकवला
तो ती सोडत नाही.
बर्फात वाकव, पीळ, गाठ मारल्यासारखी कर,
ऊब लागली की मुकाट पूर्ववत.
आमच्या आईसारखी, म्हणणार होते,
पण आईला तू कुठं पाहिलंयस.

पेडलवर नुसता पाय ठेव. दाबायचं नंतर.
प्रकाश दिसणार नाही तुला,
पडद्यावर एक ठिपका उजळेल, झालं.
चार मिलिसेकंद.
तेवढ्यात वितळून, मिसळून, पुन्हा घट्ट.
माणसांना लग्न करायला यापेक्षा वेळ लागतो,
मोडायलाही.

माझे वडील ग्रेसियाजवळच्या गुऱ्हाळात वेल्डर.
हंगामात रात्र रात्र डोळ्यांत वाळू गेल्यागत तळमळायचे,
आई पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायची.
रविवारी लाल लोखंडी चर्चमध्ये
सगळे गुडघ्यांवर, आणि हे
भिंतीचे जोड न्याहाळत बसलेले.
म्हणायचे, सिनिया, तुटलंच तर शेजारी तुटावं,
सांध्यात नाही.

बाबा, इथं शेजारीच तर गोम आहे.
भिंगातून बघ डायलिन, ठिपक्याच्या दोन्ही अंगांना
तो केसभर पट्टा.
वितळला नाही, नुसती आच लागली.
तिथली तार शिकलेलं विसरते.
जोडलेलं राहतं,
पण परत कुठं जायचं ते तिला आठवत नाही.
म्हणून आच थोडी, ठिपका लहान,
आणि वर आर्गॉनची अखंड चादर.
हवा शिरली की सांधा आधी गवती पिवळा,
मग निळा.
चांदीसारखा दिसला तरच पुढं सरकव.

गेल्या ऑक्टोबरात मी पिवळा पाहिला.
फिकट, एका कडेला, लिंबाच्या सालीएवढाही नाही.
आल्देमार म्हणाला, मर्यादेत आहे,
गुरुवारी माल विमानात चढायचाय.
मी एक नग ओढून पाहायच्या यंत्रात लावला.
बिस्किटासारखा गेला. सांध्यातच.
आर्गॉनच्या नळीला सुईएवढं भोक होतं,
दोन दिवसांपासून.
आणि त्या दोन दिवसांच्या पन्नास ट्रेंवर
सही माझी.

लाल चिठ्ठी मी लावली. कारणाच्या रकान्यात
माझंच नाव लिहिलं.
तीन हजार आठशे नग भंगारात,
अकरा बायकांचा नाताळचा बोनस त्यांच्यासोबत.
मारितेल आणि दुनिया अजून
माझ्या टेबलावर जेवायला बसत नाहीत.
बसायलाच हवं असं मीही म्हणत नाही.

भंगाराच्या मोजणीत एक नग कमी भरला.
तो माझ्याकडं आहे. बोलू नकोस कुठं.
घरी बर्फात ठेवून मी त्याला वाकवलं,
तीन ठिकाणी, छोटा गुडघा, मोठा गुडघा, कोपर,
आणि टाकला गरम कॉफीत.
काळ्या पाण्यात दोन्ही हात
झोपेतून उठल्यासारखे उघडले.
कोपर तसंच राहिलं, जिथं सांधा होता,
मी वाकवलं तेवढंच.
मी बराच वेळ बघत राहिले.
मग तार काढली आणि कॉफी प्यायले,
टाकून द्यायची सवय नाही आमच्याकडं.

हे बघ, माझी बोटं. काही धरलेलं नसलं तरी
अशीच मिटतात, कॉफीच्या फळाएवढी जागा ठेवून.
सातव्या वर्षापासून तोडणीला जात होते.
ती कुठल्या भट्टीत शिकली, विचारू नकोस.

आता हा नग. कुणाच्या तरी शिरेत जाईल,
ज्या गावाचं नाव मला उच्चारता येणार नाही
तिथल्या कुणाच्या.
अंगाच्या उबेनं उघडेल. उघडायला हवा.

नळी तपासलीस? पुन्हा तपास.
श्वास तिकडे.
दाब.