बटण

सातपूरला, पपया नर्सरीच्या मागच्या गल्लीत
स्प्रिंगा वळणारं एक मशीन आहे.
त्याच्या डोक्याला जोडलेल्या कॉम्प्युटरला
अजून डॉसच कळतं.
काळा पडदा, हिरवी अक्षरं,
आणि कीबोर्डवरची डीची कळ कधीच उडालेली.
तिच्या जागी बोरस्त्यांनी
शर्टाचं बटण चिकटवलंय, चार भोकांचं.

सत्तावीस वर्षं ते एकटेच त्याच्याशी बोलायचे.
निवृत्तीला अकरा दिवस राहिले
तेव्हा मला खुर्ची दिली, आपण मागे उभे.
"मार. सीडी, जागा, डी, कोलन,
उलटी तिरकी रेघ, जॉब्स. एंटर."
मारलं.
पडदा हूं नाही की चूं नाही.
खालच्या ओळीत पुन्हा तोच सी.

"नाही गेलं," मी म्हणालो.
"गेलं की. तू नाही गेलास."

मग माझ्या खांद्यावरून हात घालून
त्यांनी ते बटण दाबलं, पुढे कोलन,
आणि आम्ही थेट जॉब्समध्ये,
मधली एकही पायरी न चढता.
"तू कुठे उभा होतास
हे ज्याचा त्याचा ड्राइव्ह लक्षात ठेवतो.
सीडी म्हणजे नुसतं कळवून ठेवणं.
जायचं तर त्याचं नाव घेऊन उठायला लागतं."

मी वहीत उतरवत गेलो:
दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर.
सीडीला टिंबं चिकटली तरी चालतं,
एवढा लाड दुसऱ्या कुणाचा नाही.
नाव आठच अक्षरी, इंग्रजीत,
म्हणून मखमलाबादचं गिऱ्हाईक
इथे नुसतं मखमला,
स्प्रिंगा तरी वेळेवर जातात.
सगळ्यात वर पोचल्यावर
आणखी वर म्हणालात तर ते म्हणतं,
असं ठिकाणच नाही.
"चिडू नको. त्याच्या वर काही असतं
हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही."

एक डिरेक्टरी होती, वाघचौरे नावाची.
आत काही नाही, ती दोन टिंबं सोडून.
वाघचौरे कोण ते बोरस्त्यांनी सांगितलं नाही.
उडवायला गेलो तर मशीनने नकार दिला.
"आपण आतच उभे आहोत ना.
बाहेर ये, मग पाड."
आम्ही बाहेर आलो.
पाडायचं दोघांनीही पुन्हा काढलं नाही.

दर शनिवारी, कंपनीच्या सुट्टीला,
मी सुरगाण्याला फोन करतो. येतो म्हणतो.
तिकडे मका भाजायला घेतात,
माझी गोधडी उन्हात पडते.
मी इथे, पाथर्डी फाट्याच्या खोलीत,
खालच्या ओळीत तोच सी.

शुक्रवारी रात्री मेन स्विच पडतो
आणि सगळे ड्राइव्ह सगळं विसरतात.
रविवारी पहिल्या पाळीला सुरू केलं
की पुन्हा कळवून ठेवायचं:
सीडी, डी, कोलन, तिरकी रेघ, जॉब्स.
पडदा गप्प.
चहावाला येईपर्यंत मी तसाच बसतो.
बोरस्तेही बसायचे म्हणे.

मग कपात बुडालेला बिस्किटाचा तुकडा
बोटाने काढतो, बोट पँटला पुसतो,
आणि त्यांच्या शर्टाचं बटण दाबतो.