जू

ड्रॉइंगवर इंग्रजीत योक लिहिलं होतं.
बाबांनी चष्मा कपाळावर सारला.
जू म्हण की सरळ. आणि बैल कुठं हाईत ह्याचे?

बैल म्हणजे दोन वेटोळी, निओबियमच्या तारेची,
द्रव हेलियमात बुडवलेली,
एकदा प्रवाह सोडला की दमायचं नाव नाही.
भोवतीचं लोखंड आमचं, उद्यमबागेत ओतलेलं,
कमी कार्बनचं, अकराशे किलो.
त्याचा लाकडी साचा बाबांनी केला, सागाचा,
आकसण्याचं माप धरून, किंचित मोठा.

साहेब म्हणाले, कॉम्प्युटर जाळं विणेल दोन दिवस.
तोवर हातानं एक आकडा काढून ठेव, वैजू.
तो खोटं बोलला तर कळायला हवं.

घरी वही उघडली. वर लिहिलं: सीमाप्रश्न.
परशरामकाका पेपर टाकून उठूनच आले.
हे झ्याक केलंस बघ. काय लिहूलालीस त्याच्यावर?
काका, गणितातला आहे हा.
आत पोकळी, बाहेर लोखंड,
मधल्या रेषेवर दोन्हीकडची मापं जुळवायची.
आणि सुटतो?
सुटतो. लोखंड अमर्याद धरलं तर.
काका वहीकडं बघत राहिले,
कानामागचा जुना वण खाजवत.

रीत अशी.
लोखंड काढून टाकायचं. सगळं.
तार चाळीसवर, लोखंडाची कड ऐंशीवर,
तर ऐंशीचा वर्ग भागिले चाळीस,
एकशे साठवर, मोकळ्या हवेत
एक तार मांडायची
जी नाही.
तिच्यातून त्याच दिशेनं प्रवाह न्यायचा.
पोकळीत ठेवलेल्या सुईला
पलीकडं काय आहे ते कळत नाही,
ती वळायची तितकीच वळते.

मला ही रीत आवडते, आणि तिचा रागही येतो.
बसनिंगप्पा तीन रात्री भट्टीपाशी होता,
त्याच्या भुवया अजून उगवायच्यात,
आणि मी एका ओळीत म्हणते: समजा, इथं लोखंड नाही.

मग बेरीज. एक, अधिक चाळीसचा वर्ग ऐंशीच्या वर्गावर.
एक आणि पाव.
बाबा भाकरी मोडता मोडता सवायकीच म्हणायला लागले,
एक सव्वा, दोन अडीच, तीन पावणेचार,
शेवटी शंभराचं सव्वाशे.
झालं की गं. ह्याला दोन दिवस कशाला?

दोन दिवस कशाला, ते बसनिंगप्पाला विचारावं.
रस साच्यात उतरत असतो,
वरच्या भोकातून लाल डोळा दिसला
की तो हात वर करतो: साकु.
मराठी पोरं, बिहारी पोरं, सगळ्यांना तेवढं कन्नड येतं.
पुरे. आता थेंब नको.
लोखंडही असंच, दोन टेस्लाच्या आसपास,
आतून म्हणायला लागतं, साकु,
आधी ध्रुवाजवळ, मग हळूहळू बाजूला,
आणि एकशे साठवरची ती तार
पुसट होते, जरा सरकते, तिच्या कडा विरतात.
माझ्या सूत्राला हा एक शब्द येत नाही.
मी समासात लिहून ठेवला, देवनागरीत.

चार महिन्यांनी मोजणीचा कागद आला.
लोखंडाशिवाय शंभर धरले,
तर कमी प्रवाहाला सव्वाशे, काट्याला काटा.
पूर्ण प्रवाहाला एकशे एकवीस.

तिसऱ्या गेटवर फाटक पडलेलं,
स्कूटर बंद करून बाबांना सांगितलं.
मालगाडी लांब होती, खनिजाची.
ते डबे मोजत होते बहुतेक.
मग म्हणाले, चार कुठं गेले?
म्हटलं, लोखंडात.
मग हाईत की, म्हणाले,
आणि फाटक वर जायची वाट बघू लागले.