नळी

ईदच्या दुसऱ्या दिवशी, मिरकरवाड्यात,
बावा ताटाच्या कडेवर नळी आपटतो, टक्, टक्,
आणि विचारतो,
तू तिकडे पुण्यात नक्की करतेस काय?

हेच, मी म्हणते.

तो हसतो. खरंच हेच करते, बावा.
उंदराचं मांडीचं हाड,
काडेपेटीतल्या अर्ध्या काडीहून लहान,
दोन्ही टोकं छाटायची, सुईने पाणी सोडायचं,
आतलं लाल बाहेर येतं,
आगळाचा एक थेंब जसा.
शाळेतली ती म्हण तेव्हापासून पटत नाही,
सोनाराने फुंकलेली नळी, इकडून तिकडे गेलेलं वारं.
हाडाची नळी कुठे रिकामी असते?

त्या थेंबात, दहा हजारांत एखादी,
जिच्यापासून सगळं रक्त.
इथल्याच एका कॉलेजात बोलायला गेले होते.
मज्जा म्हटलं की पोरं खिदळली.
मूलपेशी म्हटल्यावर मागून एक मुलगी उठली:
मॅडम, मूळ की मूल?
मी फळ्याकडे वळले,
खडू शोधत राहिले.

बाकीच्या पेशी मरेस्तोवर राबतात.
ही झोपते.
माझ्या वहीत अकरा वर्षं तिच्या झोपेची नोंद आहे:
आज विभाजन नाही. आज नाही. आजही.
उंदराच्या उभ्या जन्मात चार-पाचदा उठते,
रक्त सांडलं, ताप चढला की,
आणि काम उरकून
परत हाडाच्या कडेला जाऊन पडते.

खिडकीतून दिसतात त्या होड्या,
जूनपासून वर ओढलेल्या, बुडाखाली ओंडके,
अंगावर झापांची शाकारणी,
फटींत बावाने ठोकून बसवलेला कापूस नि राळ.
मोडीत निघालेल्या नाहीत.
थांबल्यात.

मला तिला हाडाबाहेर वाढवायचं होतं.
एकीच्या शंभर, शंभराच्या हजार,
म्हणजे दाता न जुळलेल्या पोराला
कुणाच्या तरी चमचाभर रक्तावर निभवता येईल.
मुकादमांचा इमाद, पाच वर्षांचा.
जमातखान्यात तीनशे जणांनी
गालाच्या आत कापूस फिरवून दिला,
मासळी उतरवणाऱ्या बायकांनी, बर्फवाल्याने,
गणपतीच्या शाळेतल्या दोघांनी, हात मातीचे तसेच.
एकाचंही जुळलं नाही.

बशीत त्या वाढल्या.
तिसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत पेढे वाटले.
आठव्या दिवशी ढीग होता,
पण आपण कोण, हे विसरलेला ढीग.
सगळ्या रक्त होऊन गेल्या,
मागे झोपलेली एकही नाही.

बशीत काय घातलेलंस, बावा विचारतो.
साखर, क्षार, प्रथिनं. हाडात असतं ते सगळं.

हाड नाही घातलंस.

यावर अनुदान मागताना मला
चाळीस पानं लागली होती.

मग मी त्याला त्यातल्या त्यात बरं सांगते.
रोपण करताना त्या हाडात सोडतच नाहीत,
हाताच्या शिरेतून सोडतात, सलाइनसारख्या.
हृदयातून, फुप्फुसांतून वाहत जातात
आणि आपापलं हाड शोधून काढतात,
अंधारात, परक्या माणसाच्या अंगात,
आयुष्यात पहिल्यांदाच आलेल्या गावी.

पत्ता कोण देतं?
हाडातूनच काहीतरी पाझरतं, बावा.
वासासारखं म्हण.
तो मान डोलावतो, नवल नाही वाटत त्याला:
धुक्यात आम्ही सुकटीच्या वासावर बंदरात यायचो.

दुपारी इमादची आई येते, डबा घेऊन, वाट्याचं मटण न्यायला.
मला काही विचारत नाही.
मीही डब्याचं झाकण नीट बसलंय का, एवढंच बघते.

ती गेल्यावर बावा नळी डोळ्याला लावतो,
दाराच्या उजेडाकडे धरतो.
पलीकडचं काही दिसत नाही.
माझ्या ताटात सरकवतो.

आहे गं आत अजून. आपट.