दोनची चाळणी

इब्रीच्या बाहेर, रस्ता जिथं वाळूत अर्धा बुडतो,
तिथं आमची फीडमिल रात्री चालते.
दिवसा पत्र्याला हात लागला तर कातडी पत्र्यावरच राहते.
मी हॅमरमिलवर. मका दाणा होऊन आत जातो,
बाहेर येतो तोंडाला लावायच्या पावडरीसारखा.
मग वाफ, ब्याऐंशी अंश. मग साच्यातून दाब,
आणि गोळ्या पडतात, एकसारख्या, चकचकीत,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारख्या.
त्यांत चावायचं काही उरत नाही.

कोंबडीला दात नसतात, हे सगळ्यांना ठाऊक.
आत एक जातं असतं, हे कापणाऱ्याला ठाऊक.

मी मुलाणी. तासगावात अब्बांचं दुकान.
गावठी कोंबडीचा पेटा अब्बा अंगठ्यानं उघडायचे,
पिवळी साल एका ओढीत सोलायचे.
आत वाळू, फुटकी ज्वारी, खडे,
एकदा निळा मणी, झिजून गुळगुळीत.
तो मी वर्षभर कंपासपेटीत ठेवला होता.
गिऱ्हाईक म्हणायचं, हा शिजत नाही लवकर.
अब्बा म्हणायचे, राबलेला आहे.

चोविसाव्या दिवशी शेड नंबर चारमध्ये
पक्षी खालचा भुसा खायला लागले.
समोर गोळ्यांनी भरलेली ताटं
आणि हे माना वाकवून
विष्ठेत कालवलेले लाकडाचे तुकडे टिपतात.
विष्ठा ओली, तिच्यात मक्याचे कण,
मी दळले तसेच, जसेच्या तसे.
हिलाल कागद घेऊन आला:
किलोमागे किती दाणा, किती बैसा, कुणाच्या पगारातून.

डॉक्टर मुतासिम खार्तूमचे. त्यांनी पाच पक्षी उघडले.
जठर फुगलेलं, आणि त्याला लागून पेटा,
पिळून विसरलेल्या मोज्यासारखा.
"याला कुणी कामच दिलं नाही," ते मोडक्या हिंदीत म्हणाले,
"सगळं तुझ्या मिलनं आधीच उरकलं."

मला राग आला. मग आला नाही.
आमच्याकडे कोंड्याचा मांडा करतात.
मी अकरा वर्षं मांड्यातला कोंडा वेचून फेकत होतो.

दोनची चाळणी काढली, सहाची बसवली.
निझव्याच्या खजूर कारखान्यातून बियांची पोती आणली,
भरडली, शंभरात तीन.
मिलचा आवाज बदलला. दिलबहादुर झोपेतून उठून बघायला आला,
काय मोडलं म्हणून.
गोळ्या खडबडीत, काही तुटक्या.
हिलालनं बोटांत चुरून पाहिली. "बियांत काय असतं?"
"काही नसतं," मुतासिम म्हणाले. "तेच हवंय."

ते काही नसलेलं पेट्यात अडून बसतं.
त्याच्यामुळे दाणाही थांबतो, आंबट पाण्यात भिजतो,
रगडला जातो, थोडा पुढं सरकतो,
पुन्हा मागं ओढला जातो.
घाई मोडते.

त्या आठवड्यात तरन्नुमचा व्हिडिओ कॉल.
पोरगी चौदा महिन्यांची, अजून सगळं मिक्सरमधून.
भाताचं एक शीत लागलं तरी ओकते.
मी म्हणालो, मिक्सर बंद कर, गोळा राहू दे थोडा.
"तू तिथून सांगतोस," ती म्हणाली,
"घशात अडकलं तर इथं कोण आहे?"
मी काही बोललो नाही.
मागं मिक्सर सुरू झाला, आमच्या मिलचाच आवाज,
लहान मापाचा.

पुढच्या खेपेला, एकतिसाव्या दिवशी,
मुतासिमनी सुरी माझ्या हातात दिली.
पेटा तळहातावर बसला, ऊन, जड,
आवळलेल्या मुठीएवढा घट्ट.
साल एका ओढीत काढायला गेलो,
दोन तुकड्यांत निघाली.
अब्बा हसले असते.
आत खजुराच्या बियांचे काळपट कण,
कडा झिजलेले.
त्यातला एक बोटावर घेऊन दिव्याखाली धरला.

खिशात फोन थरथरत होता.
हात धुतल्याशिवाय उचलता येईना,
आणि नळाला रात्रीच्या या वेळीही
उकळतं पाणी.