चार मोजे

वाल्दिव्हियात, चुलीपासून लांब बसून,
नेल्सन ओयार्सून सर्व्हरमधून चारही डिस्क काढतो
आणि एकेक लोकरीच्या मोज्यात घालतो.
मोज्यांवर चिकटपट्टी: १, २, ३,
चौथ्यावर नुसतं ‘खरखरते’.

बॅकअप आहे ना? बायको विचारते.
आहे. बहिणीकडे, ओसोर्नोला.
उघडून पाहिलास कधी?
तो गप्प. मग फोन लावतो.
बहीण झोपेतून उठून एक फाइल उघडते,
हो म्हणते, शिवी हासडते.

आता यंत्र विचारतं: कोणती डिस्क पुसू?
यादीत एकच नाव.
चुकायला जागाच ठेवलेली नाही त्यानं.

पहाटे मोजे रिकामे.
पहिलाच फोटो उघडतो:
त्याचा स्वतःचा अंगठा, लेन्सवर,
मागे कुठंतरी समुद्र.
हाच वाचवायचा होता का, ती म्हणते
आणि खुर्ची ओढून बसते.