मासळीचं दुकान, भाड्याने

फोनवर हेल्डुर म्हणाला, पायऱ्या नाहीतच.
गेले तर तीन होत्या.
“ह्या काय पायऱ्या?” तो म्हणाला.
बोलता बोलता त्याचे पाय चढूनही गेले होते.

विल्यांदी लहान गाव, तळ्याकडे उतरत गेलेलं.
मापाची टेप मांडीवर घेऊन महिनाभर फिरले.
दार अडुसष्ट सेंटिमीटर, खुर्ची सहासष्ट.
बोटांची पेरं सोलून आत शिरले
तर न्हाणीघराचं दार साठ.
एकाने कौतुकाने लिफ्ट दाखवली,
पाचव्या पायरीनंतर सुरू होणारी.
एकीने विचारलं, रात्री सोबत कोण असतं?

मग हे. वीस वर्षं इथे मासळी विकली.
उंबरठा नाही, पिंपं ढकलत न्यायची असत.
मी आत गेले, उगाच वळले,
बाहेर आले, पुन्हा आत.
मालकीण लेइडा हसली नाही, थांबली.
“वास जाईल हळूहळू. जमीन मात्र उतरती,
पाणी मोरीकडे जावं म्हणून.”

ब्रेक सोडला. खुर्ची आपण होऊन निघाली
आणि खोलीच्या मधोमध जाळीपाशी थांबली.
नाचता येईना म्हणून नव्हे,
हे अंगण खरंच वाकडं.
सही केली.

आता चहा ओतायचा तो ब्रेक लावून.
पेन्सिल पडली, लिंबू पडलं, शोधत नाही.
येतं सगळं मोरीपाशी.

शनिवारी एक म्हातारा काचेवर टकटक करतो:
वाम आहे का, धुरावलेला?
नाही म्हणते.
तरी येतो आत, बुटांवरचा बर्फ घेऊन.
त्यालाही हल्ली उंबरठे झेपत नाहीत.