दोन बोटं माया

कोशासाठी बोलीतले शब्द गोळा करत
सेलूच्या मोंढ्यामागं पोचलो तेव्हा
दिवस बुडत होता, लाईट गेलेली.
ख्वाजामियाँ टेलरनं मशीन थांबवली होती.

मी म्हणालो, कातरवेळ.
तुमच्याकडं काय म्हणतात हिला?

'आमची अम्मा मगरिब म्हणायची.
गिऱ्हाईक म्हणतं दिवेलागण.
शेजारची नर्मदाबाई, तिन्हीसांजा.
आता कोणत्या तीन, ते तिलाच पुसा.'

मी कार्ड काढून वाचलं:
कातर, संस्कृत. भ्यालेला, व्याकूळ.
जीव कातर होतो ती वेळ.

म्हातारा हसला. 'भ्यायलंय कोण, साहेब?
कातर म्हणजे ही.'
काळी लोखंडी कात्री उचलून दाखवली,
मुठीला चिंध्या गुंडाळलेली.
'इथून दिवस कापला,
इथून रात.
मधी दोन बोटं माया सोडली.
नाही सोडली तर जोडायचं कशाला धरून?'

चूक होती ती व्युत्पत्ती. साफ चूक.
मी पेन्सिल टेकवली, उचलली.

एवढ्यात नर्मदाबाईची नात आली
दप्तराचा तुटका बंद घेऊन, सुई मागत.
तिन्हीसांजेला सुई देत नसतात.
ख्वाजामियाँनंही दिली नाही.
'आण इकडं,' म्हणाला,
आणि उंबऱ्यावर सरकून
उरल्या उजेडात
स्वतःच टाके घालू लागला.

कार्डावर 'व्युत्पत्ती'पुढची जागा
मी तशीच ठेवली,
दोन बोटं.